धोंडीचं सासर

मला नको तिथे हसू येतं. हे आमच्या घरातल्या बायकांचं दुखणंच आहे. आई, आत्या आणि मी, तिघींपैकी एकीला सुरुवात झाली की उरलेल्या दोघी तिला थांबवायचं सोडून भर घालतात. आम्ही सत्यनारायणाच्या पोथीत हसलो आहोत, बँकेच्या मॅनेजरसमोर हसलो आहोत, आणि एकदा तर शेजारच्यांच्या बाराव्याच्या पंक्तीत हसलो होतो. ती आठवण बाबा अजून काढतात. तेव्हा संग्रहालयात त्या रविवारी जे झालं त्यातला अर्धा दोष या दुखण्याचा आहे आणि उरलेला अर्धा आत्याचा.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिचे यजमान दोडामार्गाकडे रबराच्या बागेत गुंतलेले असतात, त्यामुळे ती वर्षातले बरेच दिवस माहेरीच असते. माहेरी राहून ती सगळ्या गावाच्या सासर-माहेरचे रीतिरिवाज सांभाळते. कुणाच्या घरी कधी जायचं, जाताना काय न्यायचं, कुणी आधी बोलवायचं आणि कुणी फुगून बसायचं, हे तिला विचारल्याशिवाय आमच्या वाडीत पान हलत नाही. तिचा स्वतःचा नवरा मात्र तिला विचारून काही करत नाही, म्हणून असेल.

आता धोंडीविषयी. मालवणजवळच्या कट्टा गावच्या बाजारापासून थोडं आत आमचं घर आहे. मागीलदारी विहीर, आणि विहिरीकडेला कपडे धुवायची धोंड. काळी, लांबट, एका बाजूला जरा उतरती. ती तिथे कुणी आणून टाकली हे कुणालाच माहीत नव्हतं. बाबांच्या आजीनेही तिच्यावरच धुतलं होतं. इतक्या बायकांच्या हातांनी तिची पाठ गुळगुळीत झाली होती आणि उजव्या अंगाला एक मोठा, उथळ खळगा पडला होता. सगळ्या बायका उजव्या हाताने कपडा आपटायच्या, तो तिथेच पडायचा.

माझी आई डावखुरी. लग्न होऊन आली तेव्हा डाव्या हाताने वाढते म्हणून, डाव्या हाताने झाडते म्हणून, तिला घरात सारखं बोललं जायचं. ती बिचारी ताटाजवळ बसली की डावा हात पदराखाली धरून बसायची. पण विहिरीवर कोण बघायला येणार? तिथे तिचा डावा हात मोकळा सुटायचा. घरात मशीन आलं तरी चादरी तेवढ्या मशीनला आणि बाकीचं धोंडीवर, असा तिचा हिशेब. वर्षं गेली आणि धोंडीच्या डाव्या अंगालाही एक खळगा दिसायला लागला. लहान, आमटीच्या वाटीएवढा. तो एकटीचा, आईचा.

मग विहिरीकडची जमीन खचायला लागली म्हणून बाबांनी गवंडी बोलावला. त्याने पहार घालून धोंड उलटली आणि तो मागे सरकला. खालच्या बाजूला माणसं होती. चिखल धुतला तसे घोडा, ढाली, तलवारी, वर हात जोडून बसलेला एक माणूस, त्याच्यावर चंद्र आणि सूर्य, असं सगळं दिसायला लागलं. आत्याने तिथल्या तिथे हळदकुंकू वाहिलं, कारण कोण आहे ते नंतर कळलं तरी चालतं. पुढे संग्रहालयाची माणसं आली आणि म्हणाली, हा वीरगळ. लढाईत कुणी पडला की त्याच्या आठवणीला असा दगड उभा करत. कुणाचा ते सांगता येणार नाही, नाव कोरलेलं नाही. त्यांच्यातल्या साहेबांनी बाबांना दोनदा 'सर' म्हटलं, आणि तालुक्याच्या कचेरीत आयुष्यभर दुसऱ्यांना सर म्हटलेल्या माझ्या बाबांनी धोंड तिथल्या तिथे देऊन टाकली.

आईला कुणी विचारलं नाही. ती चहा देत होती. मला याचा अजून राग येतो, आणि सर्वांत जास्त राग याचा येतो की मलाही तेव्हा विचारायचं सुचलं नाही, मी त्या घोड्याचे फोटो काढत होते.

टेम्पो आला त्या दिवशी आत्याने गंमत सुरू केली. धोंड चाललीच आहे तर पोरीसारखी जाऊ दे, म्हणाली. तिने धोंडीपुढे खण ठेवला, तांदूळ ठेवले, नारळ ठेवला आणि आईला म्हणाली, घाल कुंकू, तूच तिची आई. आम्ही तिघी पोट धरून हसलो. आई हसता हसता धोंडीवर वाकली, तिने दोन्ही खळग्यांवरून हात फिरवला आणि तिचं हसणं मध्येच रडणं झालं. टेम्पोवाल्याला कुठे बघावं कळेना. त्याने उगाच गाडीचा टायर दाबून पाहिला.

झालं, पाठवणी झाली. आणि पाठवणी झाली म्हणजे पुढचे नियम आले. आत्याने जाहीर केलं की सासरच्यांनी बोलावल्याशिवाय माहेरच्यांनी उंबरठा ओलांडायचा नाही. मी म्हटलं, अगो आत्या, ते संग्रहालय आहे, तिकीट काढून कुणीही जातं. ती म्हणाली, "कोणीय जाव देत. आपण कोणीय नाय."

संग्रहालयाचं उद्घाटन झालं. पेपरात फोटो आला, फीत कापताना पुष्कळ माणसं होती, पण आम्हाला बोलावणं नव्हतं. आत्याच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की आंब्याच्या दिवसांत तिने एक पेटी बांधून बाजूला काढली आणि म्हणाली, तिकडून शब्द आला असता तर ही गेली असती. ती पेटी आम्हीच खाल्ली. दिवाळी गेली. धोंड मालवणच्या वाटेवर, एस.टी.ने अर्ध्या-पाऊण तासावर, आणि आम्ही मानपान धरून घरात.

विहिरीकडे आता कपडे धुवायला सिमेंटचा कठडा बांधून घेतला होता. एकदा मी शाळेत शिकवून घरी आले तर ती त्या कठड्याजवळ बसली होती, कपडे बादलीत तसेच, आणि डावा तळवा उजव्या हाताने चोळत होती.

"हेच्यार माझो हात बसणा नाय," ती म्हणाली. मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "माझो खळगो आसतलो मा गो थंय? की घासून काढल्यानी?"

त्या क्षणी मी ठरवलं, बोलावणं गेलं खड्ड्यात. येत्या रविवारी जायचं.

आत्याला वळवायला चार दिवस लागले. शेवटी तिनेच पळवाट काढली. आपण त्यांच्याकडे जायचं नाही, बाजारात जायचं. वाटेत ते घर लागलं तर नाइलाज. मग रविवारी सकाळी बाजारात निघालेली आत्या पैठणी नेसून उभी राहिली. पिशवीत खण, तांदूळ, करंडा, खाज्याची पुडी आणि शेंडीचा नारळ. आईने केसात अबोलीचा वळेसर माळला होता. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. कट्ट्याच्या स्टॉपवर ओळखीच्या माणसाने विचारलं, लग्नाला काय? आत्या म्हणाली, नाही, सुकटी घ्यायला. मी आणि आई एकमेकींकडे बघायचं टाळत एस.टी.त चढलो.

संग्रहालय एका जुन्या कौलारू कचेरीत आहे. दारात खुर्चीवर पहारेकरी, मिशा पांढऱ्या झालेला, आमच्याच बाजूचा माणूस. बाबा एकदम कचेरीतल्या मराठीत शिरले आणि म्हणाले, आम्हाला दालनांचे अवलोकन करावयाचे आहे. त्याच वेळी आत्या त्याला सांगत होती, "आम्ही बाजारात इललंव, म्हटला डोकावन जावया." पहारेकऱ्याने पैठणीकडे पाहिलं. पिशव्या इथे ठेवायच्या, एवढंच म्हणाला. खायचं, फुलं, नारळ, काही आत न्यायचं नाही.

आत्याने पिशवी मुकाट्याने दिली. ती इतक्या मुकाट्याने काही देत नाही, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. आत गेल्यावर पाहिलं तर तिचं पोट एका बाजूने पुढे आलं होतं. नारळ ओच्यात, बाकीचं कमरेला. मी आईला कोपराने ढोसलं. आईने पाहिलं आणि पदर तोंडात कोंबला.

पहिल्या दालनात नाणी होती, तोफेचे गोळे होते, समुद्राकाठी सापडलेली चिनी मातीची खापरं होती. बाबा प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत होते. दुसऱ्या दालनात काचेच्या कपाटात पितळी समई, विळी, पाटा-वरवंटा आणि लाकडी परात. आत्या कपाटापुढे उभी राहिली. ही परात अगदी आपल्या माळ्यावरच्यासारखी, म्हणाली. ही विळी आपल्याकडे चालू आहे, काल मासे कापले. मग एकदम गंभीर होऊन तिने मला विचारलं, आपल्याला पण इथे ठेवणार का? मी कसंबसं म्हटलं, अजून झीज कमी आहे तुझी. इथून पुढे आमचं तिघींचं चालणंच कठीण झालं. बाबा दोन पावलं पुढे राहून आम्ही त्यांच्याबरोबर नाही असं दाखवत होते.

आणि मग दगडांचं दालन आलं. भिंतीला पाठ लावून ओळीने पाच-सहा वीरगळ उभे. सगळ्यांवर खाली लढाई, मध्ये त्या वीराला वर नेणाऱ्या बायका, वर तो हात जोडून बसलेला, त्याच्यावर चंद्र-सूर्य. पाट्यांवर नुसतं 'वीरगळ' आणि एक आकडा. आम्ही चौघं ओळीसमोर उभे राहिलो, आणि हळूहळू आमच्या ध्यानात आलं की आमची धोंड यातली कोणती हे आम्हाला माहीत नाही.

कसं माहीत असणार? आम्ही तिची पाठ ओळखत होतो. ही पुढची बाजू आम्ही जेमतेम काही दिवस पाहिली होती, तीही आडवी. माझ्या फोनमध्ये घोड्याचे फोटो होते म्हणून मी काढले, तर घोडे दोन-तीन दगडांवर होते आणि सगळे सारखेच दिसत होते. पिढ्यान् पिढ्या घरात वाढलेली पोर, आणि तोंडावरून तिला ओळखणारं कुणी नाही.

बाबा मात्र ठाम होते. मधला, सर्वांत उंच, सर्वांत रेखीव दगड त्यांनी पसंत केला. हाच, म्हणाले, घरंदाज दिसतो. आत्यालाही तोच पटला. आई म्हणत होती, माका काय वाटणा नाय. पण आत्याने एव्हाना कमरेचा खण काढला होता. मला दाराशी उभं करून तिने त्या उंच दगडाला कुंकू लावलं, तांदूळ घातले, खण ठेवला, आणि ओच्यातून नारळ काढताना तो निसटला.

त्या जुन्या कचेरीची जमीन एका बाजूला उतरती आहे, हे आम्हाला तेव्हा कळलं. नारळ दगडांच्या दालनातून निघाला, माझ्या पायांमधून गेला, पितळी समईच्या कपाटापुढून वळला आणि तोफेच्या गोळ्यांच्या दिशेने चालता झाला. त्याचा आवाज सगळ्या इमारतीत घुमला. मी त्याच्यामागे धावले, पण हसता हसता मला धावता येईना. शेवटी पहारेकऱ्याने तो पायाने अडवला. त्याच्यामागे एक मुलगी उभी होती. जीन्स, साधा कुडता, गळ्यात ओळखपत्र.

ही इथली प्रमुख. घाटावरची, तिशीच्या आतली. तिने नारळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आत जाऊन त्या कुंकवाकडे पाहिलं. मी हसू गिळून सगळं सांगायला लागले. बाबा म्हणाले, सदर प्रकाराबद्दल दिलगीर आहोत. आत्या मात्र ताठ उभी होती. तिच्या लेखी ही विहीण होती, आणि विहिणीपुढे वाकायचं नसतं.

मुलीने रागवायचं ठरवलेलं असावं, पण आमच्या गावाचं नाव ऐकल्यावर तिचा चेहरा बदलला. ती म्हणाली, "तुमचा तो नव्हे. तुमचा हा." आणि तिने कोपऱ्यातला दगड दाखवला.

ओळीतला सर्वांत ठेंगणा. वरचा एक कान तुटलेला. बाबांचं तोंड एवढंसं झालं. आडवी होती तेव्हा धोंड केवढी वाटायची, उभी केल्यावर माझ्या खांद्याला लागत होती. आत्या चटकन सावरली. उंच दगडाचं कुंकू तिने तसंच राहू दिलं, आणि "असांदे, ती नणंद," म्हणून उरलेले तांदूळ आमच्या धोंडीपुढे ठेवले. एवढं ऐकलं आणि मी भिंतीला टेकून खाली बसले. ती मुलगीसुद्धा हसायला लागली. तिला शब्द अर्धेच कळत होते, पण हे दुखणं लागट आहे.

एकटी आई हसत नव्हती. ती धोंडीजवळ गेली होती आणि भिंत आणि दगड यांच्यामधल्या फटीत वाकून बघत होती. फट हातभरसुद्धा नव्हती, आत अंधार.

आईने विचारलं, हिला भिंतीला का टेकवली? ते मी मुलीला शुद्ध मराठीत विचारलं. मुलगी म्हणाली, लोक समोरचं कोरीवकाम बघायला येतात, मागे काही नाही. वजन फार, म्हणून लोखंडी पट्टीने धरली आहे. फिरवता येणार नाही. मागच्या बाजूला फक्त झीज आहे, तेवढी आम्ही नोंदवली आहे.

झीज म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. मघाशी तो शब्द मीच थट्टेने वापरला होता, पण आता मी तिला म्हटलं की ती झीज नाही, ते माझ्या आईचं उभं आयुष्य आहे, आणि माझा आवाज नको तेवढा चढला. आईने माझ्या दंडावर हात ठेवून मला गप्प केलं. मग तिने स्वतःच त्या मुलीला विचारलं, अगदी हळू, जमेल तेवढ्या शुद्ध मराठीत.

"माझा हात तिथे होता. आहे का अजून, तेवढं बघू?"

मुलगी आत गेली आणि पांढरे सुती हातमोजे घेऊन आली. वस्तूंना हात लावताना ते घालतात. आईने डावा मोजा चढवला. काकणांपाशी तो अडकला, बोटं अर्ध्यावर राहिली. तसाच हात तिने दगडावर एकदा ठेवून पाहिला, काढला आणि मोजा नीट घडी करून मुलीला परत दिला. यातून काही कळत नाही, असं ती म्हणाली नाही, पण ते सगळ्यांना कळलं. मुलीने पहारेकऱ्याकडे पाहिलं. पहारेकरी छताच्या पंख्याकडे बघत होता, आणि बराच वेळ बघत राहिला.

आईने डावा हात फटीत घातला. कोपरापर्यंत, मग दंडापर्यंत. गाल दगडाला लागला, त्या लढणाऱ्या माणसांच्या बाजूला. ती खाली खाली चाचपत होती, आणि तिच्या कपाळावर आठ्या पडत चालल्या होत्या. नाही, असं तिचं तोंड सांगत होतं. मग मला सुचलं की आमच्याकडे ती उलटी निजली होती, आपण धुवायला उभ्या राहायचो त्या बाजूला हिचं डोकं होतं. "आये, वयर बघ," मी म्हटलं. आईने हात वर नेला. वर, आणखी थोडा वर. आणि थांबली. डोळे मिटले.

"गावलो," ती म्हणाली. "हो माझो."

बाबा चष्मा पुसत होते. आईचा तळवा तिकडे अंधारात फिरत असावा, इकडे तिचा खांदा तेवढा हलत होता, धुताना हलायचा तसा.

मग तिने हात काढायला घेतला, आणि हात निघेना. काकणं लोखंडी पट्टीत अडकली होती. तिने ओढून पाहिलं, वळवून पाहिलं. मग आमच्याकडे वळून, गाल वीराच्या घोड्यावर तसाच ठेवून, ती हसायला लागली. इतका वेळ दाबलेलं सगळं बाहेर आलं. आत्या खांबाला धरून हसत होती, मी जमिनीवर होते, मुलगी ओळखपत्राने डोळे पुसत होती. हसल्यामुळे आईचा हात आणखी घट्ट बसत होता. पहारेकऱ्याने सुचवलं, नारळ आहेच, तेल काढायचं का. शेवटी मुलगी धावत जाऊन मोरीतला साबण आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिने स्वतः फटीत हात घालून आईच्या मनगटाला साबण लावला. फेस झाला, तो ओघळून धोंडीच्या पाठीवर गेला. इतक्या महिन्यांनी धोंडीला साबण लागला, आणि तोही सासरच्या हातचा. हात सुटला, एकही काकण वाढवावं लागलं नाही.

ऑफिसात चहा झाला. आमची खाज्याची पुडी तिथे फुटली, पहारेकऱ्यालाही गेली. आत्याचा ताठा उतरला होता, पण रीत राहिली होती. पाठवणीनंतर पाचव्या दिवशी लेक-जावयाला माहेरी जेवायला आणतात, ते पाचपरतावण राहून गेलं, असं तिने मुलीला समजावलं. लेक येऊ शकत नाही, पट्टीत अडकली आहे, तर निदान सासरच्यांनी यावं. मुलीने हे सगळं गंभीरपणे ऐकून घेतलं.

ती खरंच आली, एका सुट्टीच्या दिवशी स्कूटरवरून. वडे-सागोती जेवली, तिसऱ्यांदा नको म्हणाली तरी आत्याने वाढलंच. जेवण झाल्यावर तिने धोंड कुठे होती ते विचारलं. आईने तिला मागीलदारी नेलं आणि सिमेंटच्या कठड्यावर टॉवेल आपटून दाखवला, डाव्या हाताने. मुलगी म्हणाली, मलाही करू दे. तिचा टॉवेल दोनदा विहिरीत गेला. बाबांनी दोन्ही वेळा काढला.

पुढे एके संध्याकाळी माझा फोन वाजला. मुलगीच होती. म्हणाली, आईंना घेऊन या. मी स्पीकर लावून आत्याला म्हटलं, ऐक. मुलीला पुन्हा म्हणायला लावलं. हे बोलावणं होतं. आत्याने त्याच रात्री पैठणी काढून ठेवली.

या वेळी दारात कुणी बाजाराचं निमित्त सांगितलं नाही. दगडांच्या दालनात बाकी सगळं तसंच होतं. उंच नणंदेचं कुंकू पुसलेलं होतं, तरी डाग थोडा राहिला होता. कोपऱ्यात मात्र आमची धोंड भिंतीपासून हातभर पुढे उभी होती आणि तिच्यामागे भिंतीला एक आरसा लावला होता, त्याच्यावर छोटा दिवा. बाजूने जरा वाकलं की आरशात तिची पाठ दिसत होती. गुळगुळीत, काळी. उजव्या अंगाला तो मोठा खळगा, कितीतरी बायकांचा. डाव्या अंगाला वाटीएवढा.

आई वाकून बघत राहिली. आरशात धोंडीच्या पाठीच्या कडेला तिचंही तोंड दिसत होतं, वळेसरासकट. तिने आधी खळगा पाहिला, मग वळेसर जरा सरळ केला. मी तिच्यामागे उभी होते आणि मला रडू येत होतं, जे आमच्या घरात फार क्वचित आणि बहुतेक वेळा बरोबर जागी येतं.

समोरून एक जोडपं आलं होतं. पहारेकरी त्यांना सांगत होता की हा वीरगळ, असा दगड माणूस गेल्यावर उभा करत, हा कुणाचा ते आता कुणालाच ठाऊक नाही. आई सरळ झाली, पदर खांद्यावर घेतला आणि त्याच्याकडे गेली.

"आणि कोणी पाठीचा इचारल्यान तर सांगा," ती म्हणाली, "डावो खळगो माझो. मी अजून आसंय."

पहारेकऱ्याने मान डोलावली. मग आत्या म्हणाली चला, आणि त्या दिवशी आम्ही खरोखरच बाजारात गेलो.